१२ लाखांचा चेक आणि ओढ्याकडेची काळी वाळू

पत्र थोडं कापून देतेय, ओळखीच्या खुणा काढल्यात.

“ताई नमस्कार. वय २८, कुपवाड एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कंपनीत अकाउंट्सला आहे, सहा वर्षं झाली. पगार एक तारखेला होतो, साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, लॉकडाऊनमध्ये कुणाचा रुपया कापला नव्हता. मागच्या वर्षी नफा एकदम वाढला आणि यंदा पहिल्यांदाच आम्हाला सीएसआर (नफ्यातला कायद्याने ठरलेला हिस्सा समाजाच्या कामाला द्यायचा तो) लागू झाला. १२ लाख खर्च करायचेत आणि ते काम माझ्या गळ्यात आलंय. साहेबांच्या एका मित्राची संस्था आहे, ते म्हणतात चेक द्या, १५ टक्के ठेवून बाकी कॅश आणून देतो, फोटो-रिपोर्ट सगळं आमच्याकडं लागलं. साहेब तयार आहेत, मला कागद करायला सांगितलेत. दुसरं म्हणजे आमची साच्यातली जळकी वाळू कंपनीच्या मागं ओढ्याच्या कडेला टाकतात. ओढ्यापलीकडचं गाव माझं माहेर. चुलते भेटले की म्हणतात तुमच्या कंपनीनं विहिरीची वाट लावली. हे साहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, मग ओढा साफ करू की सीएसआरमधून, आणि वेशीवर एक कमान पण बांधून देऊ. शिवाय म्हणाले साखर कारखाने कुठं काय करतात, आपणच का? ताई, घराचा हप्ता आहे, नोकरी सोडता येत नाही. झोप लागत नाही. काय करू?”

पोरी, बाकीचं सगळं नंतर, आधी एकच. त्या संस्थेचे कागद तू करायचे नाहीत. व्हाउचर नाही, कव्हरिंग लेटर नाही, आणि ‘तू फक्त एंट्री मारून ठेव, सही मी करतो’ असं म्हणाले तरी नाही. मी सांगलीत पंचवीसेक वर्षं ऑडिटं करतेय, हा चेक घ्या कॅश द्या प्रकार सीएसआर यायच्या आधीपासून बघतेय, तेव्हा देणगीच्या नावाने चालायचा आता ह्या नावाने चालतो, माणसं पण बऱ्याचदा तीच असतात. माझ्या बघण्यातल्या एका कंपनीचं सांगते, नाव नको. संस्थेवर इन्कमटॅक्सची धाड पडली, तिथं एका वहीत कुणी किती चेक दिला आणि कुणाला किती परत गेले हे निळ्या पेनाने अगदी सुबक लिहून ठेवलेलं सापडलं, मग तिथून नोटिसा सुटल्या. मालकांनी पुण्याचा मोठा वकील गाठला. एंट्री मारणारा पोरगा मात्र दोन वर्षं स्वतःच्या खर्चाने चकरा मारत होता, का तर सगळ्या ईमेलवर त्याचंच नाव. त्याचं लग्न ठरलेलं तेव्हा.

आता हिशेब. तुला माहीत असेल पण साहेबांसमोर बसशील तेव्हा कामाला येईल. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, मागच्या वर्षी ह्यातलं एक जरी झालं तरी कंपनी आत आली. आपल्याकडच्या एमआयडीसीवाल्या बहुतेक सगळ्या नफ्याच्याच दारातून आत येतात. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. तुमचे १२ लाख म्हणजे सरासरी ६ कोटी, बरोबर? रक्कम ५० लाखांच्या आत असल्यामुळे वेगळी सीएसआर कमिटी लागत नाही, बोर्डानेच ठरवायचं, आणि बोर्ड म्हणजे तुमच्याकडं साहेब, वहिनी आणि फार तर त्यांचा मुलगा असणार.

समजा ३१ मार्चपर्यंत ह्यातला एक रुपया खर्च झाला नाही. तर काय आकाश कोसळत नाही गं. सहा महिन्यात, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी वगैरे जे फंड कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये दिलेत त्यातल्या एकात पैसे भरायचे, बोर्डाच्या अहवालात खर्च का नाही झाला ते लिहायचं, मिटलं. तेही नाही भरलं तर मग दंड, राहिलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, ह्यात जो कमी तो, आणि जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा. पण खर्च केलाच नाही आणि केला म्हणून दाखवला तर ते प्रकरण दुसऱ्याच खात्यात जातं, कलम ४४७, फसवणूक, १० लाख किंवा टर्नओव्हरच्या १ टक्का ह्यात जे कमी असेल त्याच्या वर रक्कम गेली की सहा महिने ते दहा वर्षं कैद. तुमचे १२ आहेत. परत मिळणार १० लाख २० हजार, ते पण कॅश, म्हणजे ती लपवायला परत कुणीतरी लागणार, आणि ते कोण लागणार हे तुला मी सांगायला नको.

अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं. पैसे ठरलेल्या कामालाच गेले असं सीएफओने, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याने, आणि सीएफओ नसेल तर पैशांचा कारभार बघणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, नियमातच आहे. तुमच्याकडं सीएफओ आहे का? नसेल आणि ह्या महिन्यात अचानक तुला प्रमोशन देऊन मोठं पद दिलं तर पेढे वाटायच्या आधी जरा थांब.

साहेबांना सांगायचं कसं, हा खरा अवघड भाग आहे. ‘साहेब हे चूक आहे’ म्हणत केबिनमध्ये गेलीस तर ते ऐकणार नाहीत, उलट दुखावतील, स्वतःच्या घामाने कंपनी उभी केलेल्या माणसाला अठ्ठावीस वर्षांच्या पोरीने नीतीचे धडे दिलेले झेपत नाहीत. तू असं म्हण, ‘साहेब, ऑडिटर ह्या संस्थेचा सीएसआर-१ नंबर, १२ए, ८०जी आणि मागच्या तीन वर्षांच्या कामाचे पुरावे मागतील, मी तुमच्या मित्रांकडून मागवून घेऊ का?’ हे संस्थेच्या सीएसआर आणि इन्कमटॅक्सच्या नोंदणीचे कागद, ते मिळतीलही, असल्या लोकांचे कागद आपल्यापेक्षा टापटीप असतात. म्हणून पुढचं वाक्य तयार ठेव, ‘पैसे तीन हप्त्यात देऊया, पहिलं काम मी आणि सीए साहेब जाऊन बघतो, मग दुसरा हप्ता.’ इथं मित्राचा फोन लागायचा बंद होतो, मी चार वेळा बघितलंय. आणि हे तोंडी बोलून झालं की त्याच दिवशी ‘आज बोलल्याप्रमाणे’ करून दोन ओळींचा मेल टाक. वाद घालायचा नाही, धमकी तर अजिबातच नाही, नुसती तारीख राहते. साहेबांच्या डोक्यात टॅक्स वाचतो असं काही असेल तर सीएसआर धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही हेही त्यांच्या सीएला सांगू दे, तू नको.

आता वाळू. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, त्या १२ लाखांपेक्षा.

फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, न काम केलेल्यांसाठी सांगते. साचा बनवायला वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळतात, कोअरला, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याला, रेझिन हा चिकट पदार्थ असतो, त्यातल्या बऱ्याच रेझिनमध्ये फिनॉल हे विषारी रसायन असतं. हजार डिग्रीच्या वरचं लोखंड त्यात ओतलं की वाळू जळून काळी पडते, काही वेळा परत वापरता येते आणि मग टाकूनच द्यावी लागते. दिसायला नुसती काळी माती. पण उघड्यावर ढीग पडला, वरून जून-जुलैचा पाऊस लागला की त्यातलं काय काय पाण्याबरोबर खाली उतरतं आणि ओढा आणि विहिरी तर एकाच पोटातल्या. चुलत्यांची विहीर तुमच्याच वाळूने बिघडली का, हे तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नको, त्यांच्या वरच्या अंगाला अजून चार कंपन्या असतील. पण वाळू ओढ्याकडेला टाकायला परवानगी आहे का, हे तुला अर्ध्या तासात कळेल. तुमच्याच ऑफिसात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आहे, कन्सेंट टू ऑपरेट. त्यात कुठला कचरा, महिन्याला किती आणि त्याचं करायचं काय, असा तक्ताच असतो. शिवाय दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत कंपनी पर्यावरण विवरण भरते, फॉर्म ५, त्यात वाळूचं काय केलं म्हणून लिहिलंय ते बघ. मला अंदाज आहे काय लिहिलं असेल. ‘लँडफिल’ किंवा ‘विटभट्टीला विकली’, कायतरी तसलं. अकाउंट्सला आहेस ना, मग विकली असेल तर बिल दाखव म्हणावं.

आणि म्हणून ओढा सीएसआरमधून साफ करायची आयडिया चालत नाही. सीएसआरच्या नियमात स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्या कुठल्याही कायद्याने जे करणं कंपनीला भागच आहे त्याचा खर्च सीएसआरमध्ये धरायचा नाही. आपणच घाण केली, आपणच उचलली आणि वर बोर्ड लावला ‘अमुक इंडस्ट्रीजच्या सौजन्याने’! आमची आजी ह्याला म्हणायची शेजाऱ्याची म्हैस पळवायची आणि त्यालाच खरवस पाठवायचा. वाळू उचलायचा, ती रिक्लेम, म्हणजे परत वापरण्याजोगी, करायचा किंवा पेव्हर ब्लॉकवाल्याला रीतसर द्यायचा खर्च हा तुमच्या कास्टिंगच्या किमतीतला खर्च आहे, पॅटर्नचा, विजेचा, कोकचा असतो तसा. तो इतकी वर्षं कंपनीने भरला नाही, ओढ्याने भरला. सहा कोटींच्या सरासरीत तो पण धर म्हणजे खरा नफा कळेल.

साखर कारखान्यांचं साहेब म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. सहकारी कारखाने सहकारी संस्था कायद्याखाली येतात, कंपनी कायद्याखाली नाहीत, त्यामुळे कलम १३५ त्यांना लागतच नाही, कंपनी म्हणून नोंदवलेल्या खासगी कारखान्यांना लागतं. पण १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा सगळ्यांना सारखाच. कृष्णेत मेलेले मासे तरंगायला लागले की सांगलीत कोण कुणाकडं बोट दाखवतं हे आपण दर दोन-तीन वर्षांनी बघतोच, त्या बोटांच्या गर्दीत साहेबांनी स्वतःचं बोट कशाला घालायचं.

साहेबांना वाळूचं पटवायला कायद्यापेक्षा गिऱ्हाईक बरं पडेल. तुमचं कास्टिंग जातं कुणाला? पंपवाले, ट्रॅक्टरवाले, गाड्यावाले, कुणीतरी शेअर बाजारातली मोठी कंपनी असणारच. पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा झालाय, त्यात पर्यावरणाचं सगळं लिहावं लागतं आणि आता ते सप्लायरला पण फॉर्म पाठवायला लागलेत, तुमचा कचरा कुठं जातो, कन्सेंट आहे का, फोटो पाठवा. क्वालिटीवाल्यांच्या इनबॉक्समध्ये असा एखादा फॉर्म पडलेला असेल, शोध. मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला आला आणि मागच्या बाजूला सिगारेट ओढायला गेला की संपलं, ऑर्डर गेली. ही भाषा साहेबांना लगेच कळेल. त्यातून ऐकण्याच्या मूडमध्ये असतील तर हेही सांग की कलम १६६ मध्ये डायरेक्टरची जी कर्तव्यं दिलीत त्यात कंपनी, कामगार, शेअरहोल्डर ह्यांच्याबरोबर समाज आणि पर्यावरणाचं रक्षण पण आहे. त्याला नफ्याची ५ कोटींची अट नाही.

कमान. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही. मिरजेपासून विट्यापर्यंत जा, दर दोन किलोमीटरला कुणाची तरी कमान आहे आणि कमानीखालनं जाणारा रस्ता तसाच आहे. परिशिष्ट ७ च्या यादीत आरोग्य, पाणी, शिक्षण, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती असं सगळं आहे, कंपनीच्या मालाची जाहिरात होईल असली स्पॉन्सरशिप धरत नाहीत. ग्रामविकासाच्या नावाखाली कमान कुणी बसवेलही, माझ्याकडं आली फाईल तर मी प्रश्न लिहून परत पाठवेन.

मग १२ लाखांचं करायचं काय? कायदा सांगतो कंपनी जिथं आहे त्या भागाला आधी प्राधान्य द्या, म्हणजे तुझं गाव येतंच. पण ‘गावाला काय पाहिजे’ हे तू आणि साहेब एसीत बसून ठरवू नका. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या गावभागात पहिला मजला बुडाला. पाणी ओसरल्यावर बाहेरून किती ट्रक आले, लोकांची माया खरंच मोठी होती, पण ट्रकातून काय आलं तर जुन्या साड्या, एका पायाचे बूट, आणि बिस्किटं तर इतकी की आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी पण तोंड फिरवलं. आम्हाला पाहिजे होते चिखल काढायला खोरी-पाट्या, मोटर सुकवून देणारा माणूस, फिनेल. कुणी विचारलंच नाही. मी स्वतः एका मोठ्या माणसाच्या हातून फोटोसाठी ब्लँकेट घेतलंय, ऑगस्टमध्ये, ते अजून माळ्यावर आहे.

तेव्हा ग्रामसेवकाला भेट, झेडपी शाळेच्या हेडमास्तरांना भेट, आशाताईला तर नक्की भेट, कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला माहीत असतं. सरपंचाला शेवटी, म्हणजे त्याला राग येणार नाही एवढ्याच शेवटी. आणि जे काय ठरेल त्यात चालवायचा खर्च धर. आपल्याकडं संगणक आहेत पण वीजबिल थकलंय अशा शाळा आहेत, हात धुवायचे बेसिन आहेत पण नळाला पाणी नाही. सगळे १२ लाख मार्चच्या आत संपवायची पण घाई करू नका. बोर्डाने सुरुवातीलाच चालू प्रकल्प, म्हणजे ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मंजूर केलं तर राहिलेले पैसे ३० एप्रिलच्या आत बँकेत वेगळ्या अनस्पेंट सीएसआर खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन वर्षात वापरायचे, चालतं. मात्र ही मंजुरी कामाच्या आधी, ३१ मार्चला रात्री मागच्या तारखेने केलेली नको.

एक गोष्ट मात्र करू नका. गावात आरओ प्लांट बसवू नका, निदान विहिरींचं पाणी तपासल्याशिवाय तरी नकोच. साहेबांना तो लगेच आवडेल, पाच रुपयात वीस लिटर, रिबन, नारळ. पण पाणी तुमच्याच वाळूने बिघडलेलं निघालं तर तो प्लांट म्हणजे तोंड बंद करायला दिलेला घास होईल आणि गाव अडाणी नाहीये, त्यांना कळतं. आधी चार-पाच विहिरींचे नमुने घ्या, एकदा आत्ता आणि एकदा पावसाळ्यानंतर, भूजल सर्वेक्षणवाल्यांकडं किंवा मान्यताप्राप्त खासगी लॅबला, आणि लॅबला फिनॉल आणि धातू तपासायला मुद्दाम सांगा, नुसतं पिण्यायोग्य आहे का विचारलं तर नेहमीच्याच चार-पाच चाचण्या करून देतात. हा खर्च पण कंपनीने स्वतःच्या खिशातून करावा, सीएसआरमधून नको.

साहेब म्हणतील हे सगळं आजकालचं फॅड आहे. तेव्हा त्यांना सांग, इथनं तासाभरावर किर्लोस्करवाडी आहे. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, औंधच्या राजांनी कुंडल रोडला जागा दिली, निवडुंग आणि साप ह्याशिवाय तिथं काही नव्हतं. त्या माणसाने वसाहत बांधली, तिथं शिवाशीव चालू दिली नाही आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रीचे राखणदार नेमलं. कुठलं कलम होतं तेव्हा? नांगर पण विकले, नफा पण केला. फौंड्रीवाल्या माणसाला किर्लोस्करांचं उदाहरण दिलं की तो थोडा तरी ताठ बसतो, हा माझा अनुभव आहे.

चुलत्यांना काय सांगायचं? खरं ते. ‘तात्या, मी बोललेय, पाणी तपासून घ्यायचं चाललंय.’ एवढंच, आणि ते खरंच चाललेलं असेल तेव्हाच. कंपनीतले कागद त्यांच्या हातात देऊ नको, ग्रुपवर फोटो टाकू नको, तुझी नोकरी तर जाईलच पण साहेब एकदा वकिलाच्या मागे लपले की वाळू अजून दहा वर्षं तिथंच राहील. गावाला तक्रार करायचीच असेल तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर प्रदूषण मंडळाकडं करता येते, त्याला तुझी गरज नाही, आणि त्यांनी केली तर तू वाईट वाटून घेऊ नको.

नोकरी आज सोडू नको. जो माणूस लॉकडाऊनमध्ये पगार कापत नाही त्याला अजून सांगून बघायला जागा आहे, मला तरी पत्रावरून तसं वाटतं, चुकत असेन. पण हद्द आत्ताच ठरवून ठेव. पैसे ठरलेल्या कामाला गेले असं तुझ्या सहीने लिहून मागितलं आणि ते गेलेले नसतील, त्या दिवशी सही करायची नाही, आणि त्यावरून काढलं तर काढू दे. सांगली, मिरज, कुपवाडला सहा वर्षं फौंड्रीचं अकाउंट्स केलेली मुलगी महिनाभर पण घरी बसत नाही. मलाच एक जण हवंय ऑफिसात, पगार तुमच्या साहेबांइतका देणं होणार नाही ते आधीच सांगते. हप्ता किती आहे ते लिहून पाठव, आणि सोमवारी गेलीस की पहिलं ते संमतीपत्र काढ, वाळूच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळव.